रापणीचा वाटा

१९८५ च्या जूनमध्ये मी मालवण तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. मी मूळचा घाटावरचा. समुद्र मी त्यापूर्वी एकदाच, तोही सहलीत, पाहिला होता. शाळा माडांच्या बागेत होती. खिडकीतून निळ्या पाण्याची एक पट्टी दिसे आणि रात्रंदिवस लाटांचा आवाज कानी येई. पावसाळ्याचे महिने वर्ग भरलेला असे. पण दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी, सकाळची शाळा असताना, मी हजेरी घेऊ लागलो तो सातवीच्या तेवीस मुलांपैकी चौदा गैरहजर! मी कारण विचारले. एक मुलगी उभी राहिली आणि जणू सरकारी सुट्टीचा हुकूमच वाचून दाखवावा अशा आवाजात म्हणाली, "गुरुजी, रापण लागली."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि शिस्तीचा मोठा भोक्ता होतो. उरलेल्या मुलांना शुद्धलेखन लिहावयास सांगून मी छडी घेऊन तडक किनाऱ्यावर गेलो. मुलांना हाताला धरून आणावयाचे, असा माझा बेत होता.

किनाऱ्यावर सारा गाव लोटला होता. वाळूत दोन रांगा उभ्या होत्या, एकमेकींपासून दीड-दोनशे पावलांवर. प्रत्येक रांगेत तीस-चाळीस माणसे होती आणि सगळ्यांच्या हातात एकच जाड दोर होता. दोर समुद्रात नाहीसा झाला होता. माणसे पाय वाळूत रोवून, अंग मागे झुकवून, एका तालात तो ओढीत होती. त्यांत म्हातारे होते, बायका होत्या आणि माझे चौदाही विद्यार्थी होते. मी त्यांच्यावर ओरडणार, इतक्यात रांगेच्या पुढच्या टोकाला असलेल्या एका वृद्धाने मान वळवली. काळाकभिन्न देह, कमरेला पंचा, डोळे उन्हाने बारीक झालेले. हे त्या रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. ते म्हणाले, "मास्तरानू, दोरीक हात लावा, नायतर बाजूक व्हा."

मी बाजूला झालो नाही. छडी वाळूत टाकली आणि दोराला हात लावला.

मुलांनो, रापण म्हणजे काय, हे त्या दोन तासांत मला जेवढे कळले तेवढे पुढे कोणत्याही पुस्तकातून कळले नाही. रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे फार लांब जाळे. त्याच्या वरच्या कडेला तरंगणारी बुचे असतात, खालच्या कडेला वजने असतात आणि मध्यभागी एक मोठी पिशवी असते. पहाटे एखादा जाणता मनुष्य पाण्यावर नजर ठेवून बसतो. पाण्याचा रंग एखाद्या जागी गडद झाला, तेथे बारीक खळबळ दिसू लागली, पक्षी घिरट्या घालू लागले की माशांचा थवा आला असे तो ओळखतो. मग हाक होते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे पाण्यात सोडीत सोडीत मोठे अर्धवर्तुळ काढते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. नंतरचे काम माणसांच्या दंडांचे. दोन्ही रांगा दोर ओढतात, हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात आणि जाळ्याचा घेर लहान लहान होत जातो.

प्रथम अर्धा तास काहीच घडत नाही. दोर ओला होतो, जड होतो, तळहाताची साले निघतात. माझी निघाली. मग पाण्यात एक चमक दिसते, पुन्हा दिसते, आणि अखेरीस पिशवी जेव्हा फेसाळ पाण्यातून वाळूवर येते तेव्हा जणू कोणी वितळलेली चांदी ओतावी तसा सारा किनारा लखलखतो. त्या दिवशी बांगडा लागला होता. निळसर हिरवी पाठ, तिच्यावर गडद रेघा आणि रुपेरी पोट. इतका बांगडा होता की पाट्या पुरेनात.

मला वाटले, आता आरडाओरड होईल, ओढाताण होईल. तसे काही झाले नाही. तांडेल वाळूत बसले. त्यांच्या देखरेखीखाली वाटे पडू लागले. त्या गावची रापण एकाची नव्हती. तिचे तुकडे निरनिराळ्या घरांनी विणून दिलेले होते आणि ते सारे जोडून एक जाळे झाले होते. ज्याच्या घरचा तुकडा त्याला जाळ्याचा वाटा, होडी ज्याची त्याला होडीचा वाटा, आणि ज्याने ओढले त्याला माणसाचा वाटा. एका घरचा कर्ता पुरुष त्या वर्षी वारला होता. त्याचा तुकडा जाळ्यात होता, म्हणून त्याच्या बायकोच्या पाटीत वाटा पडला. तिने तो मान खाली न घालता घेतला.

सगळे आटोपल्यावर माझा एक विद्यार्थी चार बांगडे केळीच्या पानात घेऊन माझ्यापुढे आला. मला ते दान वाटले. मी संकोचून नको नको म्हणू लागलो. तेव्हा तांडेलांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे उपकार नाय, मास्तरानू. तुमी दोर वढलात, ह्यो तुमचो वाटो."

माझ्या घरमालकीणबाईंनी त्या बांगड्यांचे तिरफळे घालून तिखले केले. मी त्यापूर्वी समुद्रातला मासा कधी खाल्ला नव्हता. काट्यांशी माझी झटापट पाहून त्यांची नातवंडे पोट धरधरून हसली. सोमवारी मी हजेरीपटात त्या चौदा मुलांच्या नावांपुढे काय लिहिले, हे मात्र तुम्हांला सांगत नाही.

पुढे मी त्या गावात नऊ वर्षे राहिलो आणि समुद्राचे पंचांग शिकलो. पावसाळ्यात नद्या डोंगरातील सत्त्व समुद्रात आणून ओततात. त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड, क्षारयुक्त पाणीही वर येते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव वाढतात. त्यांना प्लवक म्हणतात. हे प्लवक खाण्यासाठी तारली आणि बांगडा थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात. पुष्कळ जातींचे मासे पावसाळ्यातच अंडी घालतात. म्हणून जुने लोक समुद्र खवळला की होड्या वर ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पाण्यात लोटीत नसत. आज कायद्यानेही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रनौकांना मासेमारी बंद असते. बिनयंत्राच्या लहान होड्यांना ही बंदी नाही, परंतु त्या दिवसांत त्या बाहेर पडतील तरी कशा? त्या काळी गाव सुक्या माशांवर आणि खाडीतल्या तिसऱ्यांवर दिवस काढी.

मासा किनाऱ्यावर आला म्हणजे पैसा घरात आला, असे मात्र नाही. मासा हा फार उतावळा माल आहे. तांदूळ कणगीत थांबतो, नारळ माळ्यावर थांबतो, मासा थांबत नाही. पुरुष रापण ओढून दमून झोपत, तेव्हा बायकांचा दिवस सुरू होई. पाटी डोक्यावर घेऊन त्या मैलोगणती चालत, बसने जात, बाजारात बसत. माझ्या वर्गातील एका मुलीची आई दर मंगळवारी जवळच्या बाजारात बसे. मुलगी गणितात हुशार होती आणि त्याचे कारण मला एकदा त्या बाजारात समजले. आई तोंडाने हिशेब सांगत होती, मुलगी तिच्या शेजारी उभी राहून तो पडताळून पाहत होती आणि दोघींचेही उत्तर क्षणात एकच येत होते. त्या दिवशी बाईंच्या पाटीत तारली होती. ताजी, डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. गिऱ्हाइके येत, पाहत आणि पुढे जात. मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "सुरमय सगळ्यांक होयी, गुरुजी. तारलो कोणाक नको."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे मनात वागवले आहे. पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी या तीन नावांपलीकडे शहरातील कित्येक घरांना मासा ठाऊकच नसतो. समुद्र मात्र असा निवडक नाही. तो जाळ्यात तारली देतो, पेडवे देतो, मांदेली देतो, सौंदाळे देतो, काटेरी पण चवीला अप्रतिम अशी कर्ली देतो. तारलीत स्निग्धांश भरपूर असतो आणि तो हृदयाला हितकर असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. एवढे असून ती स्वस्त असते. न खपलेली तारली पुष्कळदा कारखान्यात जाते, तिचे तेल काढतात आणि चोथ्याचे पशुपक्ष्यांसाठी किंवा तळ्यातल्या कोळंबीसाठी खाद्य करतात. माणसाने खावयाचा मासा कोळंबीला घालावयाचा आणि मग ती कोळंबी दामदुपटीने विकत घ्यावयाची, हा व्यवहार त्या गणितात हुशार असलेल्या मुलीला कधी पटला नाही. मलाही पटत नाही.

१९९४ साली माझी बदली झाली. संस्थेच्या निरनिराळ्या शाळांतून फिरत २००८ साली मी मुख्याध्यापक म्हणून पुन्हा त्याच गावी आलो. शाळेला नवी इमारत झाली होती. खिडकीतून समुद्र पूर्वीसारखाच दिसत होता. दसरा झाला, दिवाळी झाली. वर्ग रोज भरलेला! मला याचा आनंद व्हावयास हवा होता. एक दिवस न राहवून मी मुलांना विचारले, "काय रे, रापण लागत नाही का?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर गेलो. रापण टाकलेली होती, पण दोन्ही रांगांत मिळून वीस-बावीसच माणसे होती. जुने तांडेल वारले होते. त्यांच्या जागी त्यांचा नातू, म्हणजे मला चार बांगडे आणून देणारा तो मुलगा, आता तिशी ओलांडलेला, उभा होता. आम्ही दोर ओढला. पिशवी वाळूवर आली. तिच्यात शेवाळ होते, प्लास्टिकच्या थैल्या होत्या आणि पसाभर पेडवे होते. कोणी काही बोलले नाही. एका म्हाताऱ्याने जाळे झटकले, आणि जाळे झटकण्याचा तो आवाज मला आजही आठवतो.

"मासो किनाऱ्याक येवचो कसो, गुरुजी?" तो म्हणाला. "वाटेतच तेका धरतत."

या चौदा वर्षांत समुद्रात पर्ससीन नावाचे जाळे आले होते. आजीच्या कमरेचा बटवा तुम्ही पाहिला असेल. नाडी ओढली की बटव्याचे तोंड मिटते. पर्ससीनचे तसेच असते. वेगवान यंत्रनौका माशांच्या संपूर्ण थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करते आणि मग जाळ्याच्या तळच्या कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने ओढते. तळ मिटतो आणि सारा थवा, लहान-मोठा, आत सापडतो. रापण किनाऱ्यावर वाट पाहत उभी राहते, आणि पर्ससीन माशाच्या मागे जाते. या दोहोंत हा मोठा भेद आहे. त्यातच काही नौका रात्री प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासा गोळा करू लागल्या. अशा कृत्रिम प्रकाशातील मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली.

हा तंटा एकट्या मालवणचा नाही, आणि आजचाही नाही. शेजारच्या गोव्यात रापण ओढणाऱ्यांना रापणकार म्हणतात. १९७० च्या दशकात तेथे मोठ्या यंत्रनौका किनाऱ्यालगत जाळी ओढू लागल्या, तेव्हा रापणकारांनी एकजूट करून चळवळ उभारली. तिचे पुढारी मातानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक होते. हे मी थोड्या अभिमानाने सांगतो, तो आमच्या धंद्याचा अभिमान समजा. अशा चळवळींचे फळ म्हणून १९८० साली केरळात आणि गोव्यात, व १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखावे, हे त्यांमागचे एक मुख्य सूत्र. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या, पाण्यातील मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. महाराष्ट्राने २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध घातले आणि ते जाळे वर्षातून सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांत वापरावे असे ठरवले. २०२१ साली कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. नियम झाले खरे. परंतु रात्रीच्या समुद्रावर पहारा ठेवणे हे परीक्षेच्या वर्गावर देखरेख ठेवण्याइतके सोपे नाही, आणि तेही काही सोपे नसते.

तुम्हांला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पर्ससीनच्या नौकेवर जाळे ओढणारेही कोणाचे तरी वडील असतात, रोजगारासाठी दूरदेशाहून आलेले असतात. त्यांच्यावर राग धरून काय होणार? शिवाय रापण सर्वस्वी निर्दोष आहे, असेही नाही. तिच्या पिशवीची आसे बारीक असतात आणि कधी कधी तिच्यातही माशांची कच्ची पिले येतात. मी एकदा जुन्या तांडेलांना हे विचारले होते. ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. त्यांनी पिशवीतून जिवंत पिले ओंजळीने उचलून पाण्यात सोडली आणि मलाही तसे करावयास लावले. थोडी वाचली असतील, पुष्कळ मेली असतील. पण ज्या समुद्रावर उद्या पुन्हा यावयाचे आहे, त्याच्याशी वागण्याची एक रीत त्यांच्या हातांना ठाऊक होती. पूर्ण वाढ न झालेला मासा पकडू नये आणि विकत घेऊ नये, असे आता शास्त्रज्ञही सांगतात. पापलेटासारखा मासा, ज्याला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित केले, तळहाताएवढाही होण्यापूर्वी बाजारात येतो. तो आपण घेतला नाही, तर उद्या कोणी धरणार नाही.

त्या वर्षी शाळेत आम्ही एक उद्योग केला. मुलांनी आपापल्या घरच्या मोठ्या माणसांना विचारून, कोणत्या महिन्यात किनाऱ्यावर कोणता मासा येतो याचा एक तक्ता तयार केला. हे काम मला आठवड्याचे वाटले होते, ते दोन महिने चालले. कारण एका आजीचे आणि दुसऱ्या आजीचे कर्लीवरून एकमत होईना. शेवटी दोघींना शाळेत बोलावले. त्या दोन तास भांडल्या आणि त्या दोन तासांत मुलांना जेवढे मत्स्यशास्त्र समजले तेवढे मी वर्षभरात शिकवू शकलो नसतो. तक्ता आम्ही तालुक्याच्या बाजारात, मासे विकणाऱ्या बायकांच्या मागच्या भिंतीवर लावला. गणितातल्या त्या हुशार मुलीची आई, आता केस पांढरे झालेली, अजून त्याच जागी बसत होती. ती गिऱ्हाइकाला तक्ता दाखवून सांगू लागली, की सुरमई आज लांबून बर्फातून आली आहे, तारली मात्र पहाटे आमच्याच गावच्या होडीतून आली. काही लोक हसून पुढे जात. काही थांबत. थांबणाऱ्यांची संख्या फार वाढली असे मी म्हणणार नाही. पण दर मंगळवारी दोन-तीन पाट्या संध्याकाळपूर्वी रिकाम्या होऊ लागल्या. ती मुलगी पुढे शिकून बँकेत नोकरीला लागली. आईला बर्फाची मोठी पेटी तिनेच घेऊन दिली, त्यामुळे न खपलेला माल पडत्या भावाने देऊन टाकण्याची पाळी आईवर पुन्हा फारशी आली नाही.

सगळ्यांचेच असे झाले नाही. माझ्या त्या पहिल्या चौदा मुलांपैकी पाचजण मुंबईला गेले, दोघे गोव्यात दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी झाले. तीन घरांनी आपले जाळ्याचे तुकडे काढून घेतले आणि विकले. रापण आखूड झाली. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला, तेव्हा शेतकऱ्यांना मिळतात तशा कर्जाच्या आणि विजेच्या सवलतींची आशा मच्छीमारांना वाटू लागली. हे कागद आमच्या गावापर्यंत कसे पोहोचतात, ते पाहावयाचे आहे.

निवृत्तीनंतर मी दर हिवाळ्यात त्या गावी जातो. मागील वर्षी गेलो तेव्हा पहाटे मतलई वारा सुटला होता आणि किनाऱ्यावर हाक झाली. रांगेत अठ्ठावीस माणसे मी मोजली. शाळेचे गणवेश घातलेली चार मुलेही होती. त्यांची दप्तरे माडाच्या बुंध्याशी ठेवलेली होती आणि नवे तरुण शिक्षक काहीसे गोंधळून बाजूला उभे होते. तांडेलाने मला पाहून नुसती मान हलवली. मी चपला काढल्या. आता माझ्या हातांत बळ राहिलेले नाही. मी दोर धरून नुसता उभा होतो, असे म्हटले तरी चालेल.

जाळ्यात दोन पाट्या बांगडा आणि थोडे सौंदाळे आले. पूर्वीच्या मानाने काहीच नाही. वाटे पडले. मी चपला शोधीत होतो, इतक्यात एक मुलगा धावत आला. त्याच्या हातात केळीचे पान होते आणि पानात एक बांगडा होता.

"इतक्या लोकांत मला कशाला रे?" मी म्हणालो.

मुलगा गोंधळला. त्याने मागे वळून तांडेलाकडे पाहिले. तांडेल जाळे आवरीत होता. त्याने मानही वर न करता तेथूनच सांगितले, "गुरुजी, दोर वढलात मा? मग घेवा."

अभ्यास

१. 'गुरुजी, रापण लागली' हे वाक्य मुलीने कोणत्या आवाजात उच्चारले? तिला तसे का वाटले असावे?
२. रापण आणि पर्ससीन या दोन जाळ्यांतील भेद तुमच्या शब्दांत लिहा.
३. लेखकाने बांगडे घेण्यास प्रथम नकार का दिला? तांडेलांना तो नकार का आवडला नाही?
४. तुमच्या गावच्या बाजारात कोणते मासे, भाज्या किंवा फळे कोणत्या महिन्यात येतात, हे घरच्या वडील माणसांना विचारा आणि त्यांचा तक्ता तयार करा. दोघांचे मत निराळे पडल्यास दोन्ही मते लिहा.